जुन्या आय५ मशीनला नवं ग्राफिक्स कार्ड : दोन महिन्यांच्या नोंदी

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

मशीन २०१५ सालचं. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून डोंबिवलीत घरी जोडलेलं. आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबीची डीडीआर३ रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स ७५० टीआय कार्ड २ जीबीचं, आणि कॅबिनेटसोबत आलेला '४५० वॉट'चा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. मधे ५०० जीबीची एसएसडी टाकली, बाकी दहा वर्षांत स्क्रूही फिरवलेला नाही.

खेळायचंय रेड डेड रिडेम्प्शन २. पीसीवर तो २०१९ च्या नोव्हेंबरात आला तेव्हा घरात रांगतं बाळ होतं, खेळ राहून गेला. आता ते बाळ दहाला झोपतं आणि मला दीड तास मिळतो. खेळाला किमान जीटीएक्स ७७० लागतं, शिफारस आहे जीटीएक्स १०६० ६ जीबी आणि १२ जीबी रॅमची. म्हणजे मी किमानच्याही खाली. बजेट २० हजार, त्यातच बसवायचं असं घरी कबूल केलंय.

आज फक्त कॅबिनेट उघडलं. पंख्यावर नमद्यासारखा धुळीचा थर, आणि हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यामागे पालीच्या अंड्यांची दोन रिकामी टरफलं. रंगकामाच्या ब्रशने साफ केलं. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती बदलली. नुसत्या एवढ्यानेच प्रोसेसरचं तापमान ८७ वरून ६९ वर आलं. कार्ड घ्यायच्या आधी हे करा, फुकट आहे.

३ ऑगस्ट, रविवार

आधी मोजायचं, मग विकत घ्यायचं असं ठरवलं. (पुढच्याच रविवारी हे विसरलो, ते खाली येईलच.)

आफ्टरबर्नर (मशीनचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून पडद्याच्या कोपऱ्यात चार आकडे आणले: कार्डावरचा भार, कार्डाची मेमरी, प्रोसेसरच्या चारही कोरवरचा भार, फ्रेम (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते). रेड डेड, १०८०पी, सगळं कमीत कमी: कार्ड ९९ टक्के, मेमरी काठोकाठ, प्रोसेसर ७० च्या आसपास, फ्रेम २२ ते २८. इथे कार्डच अडवतंय, शंका नाही.

भाचा आला की व्हॅलोरंट खेळतो, म्हणून तोही लावून पाहिला. तिथे उलटं. प्रोसेसर शंभराला टेकलेला आणि कार्ड साठ टक्क्यांवर जांभया देतंय. तिथे ५० हजारांचं कार्ड लावलं तरी फ्रेम वाढणार नाहीत. ज्यांना तेवढाच खेळ खेळायचाय त्यांनी इथेच थांबून पैसे वाचवावेत.

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

ताई आणि भाचा जेवायला. भाचा बारावीत आहे, पण कार्डांचे भाव त्याला रसायनशास्त्रापेक्षा जास्त पाठ. मोबाइलवर त्याने जुन्या वस्तूंची जाहिरात दाखवली: आरएक्स ५८० ८ जीबी, "दोनच महिने वापरलेलं", ५,५०० रुपये.

"मामा, ८ जीबी आहे! तुझ्या बजेटच्या पाव किमतीत."

मी म्हटलं, मायनिंगचं असेल, म्हणजे क्रिप्टो नाणी काढायला चोवीस तास राबवलेलं.

"तू उगाच घाबरतोस. पाहून घेऊ ना."

कार्ड २०१७ सालचं आणि वापर दोन महिने, ही विसंगती जेवणानंतरच्या सुस्तीत मला खटकली नाही.

१० ऑगस्ट, रविवार

विक्रेत्याला स्टेशनबाहेर भेटलो. कार्ड बबल रॅपमध्ये, खोका नाही, बिल नाही. चालवून पाहायला तिथे काय मिळणार होतं? ५,५०० मोजून दिले.

घरी आल्यावर एकामागून एक अडचणी. कार्ड लांबीला २६ सेंटिमीटर, आणि कॅबिनेटमध्ये पिंजऱ्यापर्यंत जागा २४. पिंजरा रिव्हेटने ठोकलेला, ड्रिलने चार रिव्हेट उडवले, दीड तास गेला. मग कार्डाला हवी ८ पिनांची वीज आणि माझ्या एसएमपीएसला तशी वायरच नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन मोलेक्सचं (जुन्या पद्धतीच्या चार पिनांच्या तोंडांचं) एक ८-पिन करणारा कन्व्हर्टर १५० रुपयांना आणला.

ह्या सगळ्या कामातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे तो कन्व्हर्टर.

मशीन सुरू झालं, विंडोज आलं, ड्रायव्हर (विंडोजकडून कार्ड चालवून घेणारं सॉफ्टवेअर) बसला. रेड डेड चालू केला, फ्रेम पन्नासच्या वर. भाचा टाळी द्यायला हात पुढे करतोय तोवर स्वयंपाकघरातून आवाज आला, "गॅसवर तर काही नाहीये, मग वास कसला येतोय?" आणि मशीन खटकन बंद.

मोलेक्सचा पांढरा प्लास्टिकचा ठोकळा हाताला मऊ लागत होता. एका पिनेभोवती तो पिवळसर होऊन किंचित कलला होता आणि तिथून निघणाऱ्या पिवळ्या वायरचं आवरण बोटभर लांबीपर्यंत तपकिरी झालं होतं. नंतर नीट पाहिलं: दोन्ही मोलेक्स एसएमपीएसच्या एकाच वायरवर एकापुढे एक ओवलेले. म्हणजे दोन तोंडं जोडली तरी सगळा प्रवाह एकाच बारीक वायरीतून. कन्व्हर्टरने फक्त आकार जुळवला, वीज कुठून येणार हा प्रश्न तसाच.

१२ ऑगस्ट, मंगळवार

एसएमपीएस बाहेर काढून लेबल वाचलं. हे काम २ तारखेला करायला हवं होतं.

वर मोठ्या अक्षरात ४५० वॉट. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रांगेत १८ अँपिअर. १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जगतात ते ह्या १२ व्होल्टवर. आय५-४४६० चे ८४, आरएक्स ५८० चे १८५, झाले २६९. जुनं ७५० टीआय ६० वॉटचं आणि वेगळी वायर न मागणारं, म्हणून दहा वर्षं हे डबडं निभावून गेलं.

हिशोबाला लागणारे आकडे इथे टाकून ठेवतो: स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट, ६-पिन वायरीतून ७५, ८-पिनमधून १५०. आणि एसएमपीएसच्या खोक्यावरचा आकडा वाचू नका, १२ व्होल्टचे अँपिअर वाचा.

१७ ऑगस्ट, रविवार

ऑफिसातल्या मित्राचा चांगला एसएमपीएस एका दिवसासाठी मागून आणला. कार्ड तरी धड आहे का ते पाहायचं होतं.

जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं तर शेडर, म्हणजे कार्डातले छोटे कोर, २०४८. खऱ्या आरएक्स ५८० मध्ये २३०४ असतात. ही चिनी बाजारासाठी काढलेली २०४८ वाली जात, नाव ५८० चं आणि कुवत ५७० ची. तेवढ्यावर भागलं असतं, पण वीस मिनिटं खेळल्यावर आकाशात हिरवे चौकोन उमटायला लागले. कार्डाचा पंखा काढला तर मेमरीवरच्या, उष्णता वाहून नेणाऱ्या थर्मल पॅडमधून तेल पाझरून सुकलेलं. दोन महिन्यांत असं होत नाही. हे कार्ड वर्षानुवर्षं चोवीस तास तापलंय.

विक्रेत्याला फोन केला, उचलला नाही. संध्याकाळी जाहिरातही गायब.

भाच्याला सांगितलं. तो दोन मिनिटं गप्प, मग म्हणाला, "मामा, माझ्या पॉकेटमनीतून देतो थोडे." म्हटलं नको, पण ह्यापुढे चालवून पाहिल्याशिवाय काही घ्यायचं नाही, तू पण आणि मी पण.

कार्ड ओळखीच्या रिपेअरवाल्याला दोष सांगूनच दिलं. त्याने सुट्या भागांसाठी २,७०० दिले. तोटा २,८००.

२४ ऑगस्ट, रविवार

लॅमिंग्टन रोडला जायला निघालो. मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक, दादरला पोचेस्तोवर दीड तास, तिथून स्लो लोकलने ग्रँट रोड. पोचल्यावर बहुतेक शटर खाली. रविवार! तिथलाच जुना गिऱ्हाईक असून विसरलो. वडा-पाव खाऊन परत. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी शनिवारी सकाळी अकरानंतर यावं.

येताना गाडीत बसून यादी केली आणि आधी मदरबोर्ड डोळ्यांसमोर ठेवला. एच८१ चिपसेटवर ग्राफिक्सचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.० चा. त्यातल्या एका लेनमधून, म्हणजे माहिती ये-जा करायच्या एका वाटेतून, सेकंदाला ५०० एमबी. सोळा लेन असल्या तर ८ जीबी, आठ असल्या तर ४, चार असल्या तर फक्त २. आजकालची स्वस्त कार्डं लांबून सोळा लेनची दिसतात, पण आत सोन्याच्या पट्ट्या आठच किंवा चारच जोडलेल्या असतात. नव्या बोर्डावर ते खपतं, माझ्या बोर्डावर गळा आवळला जातो.

५ सप्टेंबर, शुक्रवार

गणपतीत मशीनला हात लावला नाही. पाहुणे, त्यात टेबलावरच मखर.

काल-परवापासून ऑफिसात एकच चर्चा, २२ तारखेपासून जीएसटी कमी होणार. मीही थांबायचं ठरवत होतो. मग यादी पाहिली: ३२ इंचांवरचे टीव्ही आणि मॉनिटर २८ वरून १८ वर येणार. ग्राफिक्स कार्ड आधीही १८ टक्क्यांत होतं, नंतरही १८ मध्येच. थांबण्यात काही अर्थ नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

सुट्टी टाकून लॅमिंग्टन रोड. पाच दुकानं फिरलो. कार्डवार लिहितो, कारण निवड खरी इथे झाली.

जीटीएक्स १०६० ६ जीबी, जुनं, ६,५०० सांगितले. खेळाने शिफारस केलेलं नेमकं हेच, सोळा लेन, १२० वॉट. महिनाभरापूर्वी घेतलंही असतं. पण एन्व्हिडियाने जाहीर केलंय की मॅक्सवेल आणि पास्कल पिढीला (१०६० पास्कलमधलंच) खेळांसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच, पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेपुरते. म्हणजे महिन्याभरात वृद्धाश्रमात जाणारं कार्ड. एएमडीने आरएक्स ५८० च्या पिढीला २०२३ मध्येच बाजूला काढलं होतं. आणि १०६० चं ३ जीबीवालंही फिरतंय, त्यात मेमरीच नाही तर कोरही कमी आहेत. त्याच्या वाटेला जाऊ नका.

आरएक्स ६५०० एक्सटी. दुकानदार म्हणाला, "साहेब, नवं आहे, वॉरंटी आहे, तुमच्या खेळाला भरपूर." मी विचारलं लेन किती. तो हसला, "लेन कोण बघतं?" चार. माझ्या बोर्डावर २ जीबी. वर मेमरी ४ जीबीच, ती भरली की सगळी ये-जा त्याच चिंचोळ्या बोळातून. नको.

जीटीएक्स १६६० सुपर, जुनं, ९,५००. हे मनात भरलं होतं. सोळा लेन, ६ जीबी, १२५ वॉट, आणि ट्यूरिंग पिढी असल्याने ड्रायव्हर चालू राहणार. दुकानदाराने समोर चालवून दाखवलं, वॉरंटी मात्र सात दिवसांची. दहा मिनिटं हातात धरून उभा होतो. हिरवे चौकोन वीस मिनिटांनी आले होते, दुकानात एवढा वेळ कोण चालवू देतंय? दुधाने तोंड पोळलेलं होतं, ताक फुंकलं. ज्यांची जीभ भाजलेली नाही त्यांनी हे अवश्य पाहावं, पैशाच्या मानाने सगळ्यात चांगलं हेच.

आरएक्स ६६००, नवं, २१,५००. भाच्याने फोनवर ह्याचाच धोशा लावला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं: पुढे मशीन बदललं तरी कार्ड चालेल. पण आज माझ्या प्रोसेसरवर त्याची निम्मी ताकद झोपून राहणार, आणि सोबत एसएमपीएस धरला तर २५ हजार. बजेट ओलांडायचंच तर मग थोडं कशाला, ही ती निसरडी पायरी.

आरटीएक्स ३०५०. इथे सांभाळा. ह्या नावाची दोन कार्डं आहेत. ८ जीबीवालं: २५६० कोर, १२८ बिटचा बस (कार्डाच्या मेमरीकडे जाणारी वाट), १३० वॉट. ६ जीबीवालं, २०२४ मध्ये आलेलं: २३०४ कोर, ९६ बिट, ७० वॉट. दुकानदार सांगतात, "थर्टी-फिफ्टी म्हणजे थर्टी-फिफ्टी, दोन जीबीचाच फरक." फरक बराच आहे. पण मला हवं होतं तेच ६ जीबीवालं, कारण ७० वॉट स्लॉटमधूनच मिळतात, वेगळी वायर नको. (काही मॉडेलना तरीही ६-पिन असते, कार्डाची कड स्वतः पाहून घ्या.) लेन आठ, म्हणजे माझ्याकडे ४ जीबी. मधला मार्ग.

घेतलं. १६,८०० बिलासकट, तीन वर्षांची वॉरंटी. बिलावर सिरीयल नंबर लिहून घेतला.

एसएमपीएसही घेतला, ५५० वॉट, ब्रॉन्झ रेटिंगचा, ३,६५०. कार्डाला गरज नव्हती. पण तपकिरी झालेली ती वायर ज्या खोलीत मुलगी झोपते त्या खोलीत चालू ठेवणं मनाला पटेना. हो, मग १६६० सुपर का नाही, हा प्रश्न बायकोनेही विचारला. उत्तर वर दिलंय: ताक.

१४ सप्टेंबर, रविवार

कार्ड जेमतेम २० सेंटिमीटर. पिंजरा ड्रिलने काढल्याचं वाईट वाटलं.

जोडलं, बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळा.

पहिला घोळ माझाच. मॉनिटरला व्हीजीएची वायर, आणि कार्डावर एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. २५० चा कन्व्हर्टर आणून लावला. तरी काळा. कार्ड काढून मदरबोर्डच्या स्वतःच्या व्हीजीएवर लावलं तर चित्र येतंय. म्हणजे मशीन जिवंत आहे. बायोस (मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) पाहिलं तर २०१४ चं. कंपनीच्या साइटवरून शेवटची आवृत्ती एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवर घेतली आणि यूपीएसवर मशीन ठेवून अपडेट केली. त्या तीन मिनिटांत वीज गेली असती तर बोर्ड गेला असता, म्हणून यूपीएस नसेल तर मागून आणा. मग बायोसमध्ये पहिला डिस्प्ले ग्राफिक्स स्लॉटवर ठेवला, कार्ड बसवलं, चित्र आलं. एकूण पाच तास.

चित्र मात्र कन्व्हर्टरमधून धूसर, अक्षरांना सावली. मॉनिटरमागे दुसरं पांढरं तोंड दिसलं: डीव्हीआय. दहा वर्षं तिथेच होतं. २२० रुपयांची एचडीएमआय-डीव्हीआय केबल, आणि अक्षरं कोरल्यासारखी. कन्व्हर्टरचे २५० पाण्यात.

ड्रायव्हर घालण्याआधी आरएक्स ५८० च्या एएमडी ड्रायव्हरचे अवशेष सेफ मोडमध्ये डीडीयूने (जुने ड्रायव्हर पुसणारं सॉफ्टवेअर) पुसले. मग जीपीयू-झेडमध्ये लेन पाहिल्या तर 'एक्स८ १.१', म्हणजे लेन आठ पण वेग २.० च्याही खालचा. पोटात गोळा आला. नंतर कळलं, कार्ड रिकामं असलं की वीज वाचवायला जोडणीचा वेग उतरवतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर दाबून चाचणी चालवली की २.० दिसतं.

२० सप्टेंबर, शनिवार

रेड डेड, १०८०पी, मध्यम सेटिंग. मोकळ्या माळावर ५५ ते ६०. घोडा डोंगरावरून उतरतो तेव्हा लांबवर धुकं हलताना दिसतं, ते ७५० टीआयवर करडं फडकं होतं.

पण खेळातल्या सेंट डेनिस शहरात शिरलो की दर काही सेकंदांनी गचका. आकडे पाहिले: कार्ड ६० टक्के, प्रोसेसर १००, रॅम ७.६ जीबी भरलेली. अडथळा जागा बदलून बसला. डीएलएसएस (कार्ड लहान चित्र काढून ते मोठं करून दाखवतं) लावून पाहिलं, शहरात शून्य फरक, कारण ते कार्डाचं ओझं कमी करतं आणि कार्ड आधीच रिकामं. वर १०८०पी वर चित्र थोडं मऊ होतं. बंद केलं.

रिपेअरवाल्याकडून ८ जीबीची जुनी डीडीआर३ पट्टी ८०० ला घेतली, ह्यावेळी त्याच्याच टेबलावर मेमटेस्ट (रॅमची चाचणी) पूर्ण होईपर्यंत बसून. एच८१ ला रॅमचे स्लॉट दोनच, दोन्ही भरले. मोठे गचके गेले. उरलेले घालवायला फ्रेम ४५ वर बांधल्या, म्हणजे प्रोसेसरला श्वास घ्यायला जागा राहते. शहरात आता ४० ते ४५, चालतंय.

आधी रॅम टाकून पाहायला हवी होती का? नाही, २ जीबीचं कार्ड तेव्हाही भरलेलंच होतं. पण दोन्ही एकदम घेतलं असतं तर एक फेरी वाचली असती.

२८ सप्टेंबर, रविवार

हिशोब. कार्ड १६,८००. एसएमपीएस ३,६५०. रॅम ८००. केबल २२०. आरएक्स ५८० चा तोटा २,८००. मोलेक्स कन्व्हर्टर १५०, व्हीजीए कन्व्हर्टर २५०. एकूण २४,६७०, त्यातले ३,२०० निव्वळ वाया. लोकल आणि वडा-पाव धरलेला नाही. वेळ: सहा रविवार आणि एक रजा.

ह्या मशीनवर आता आणखी पैसा नाही. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा आधार संपतोय आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. मशीन बदलेल तेव्हा कार्ड, एसएमपीएस आणि एसएसडी पुढे जातील.

७५० टीआय पुसून जुन्या बबल रॅपमध्ये ठेवलंय. भाचा दिवाळीत मागतोय, त्याच्या मित्राच्या मशीनला. त्याला सांगितलंय, आधी त्या एसएमपीएसच्या लेबलचा फोटो पाठव. अजून आलेला नाही.